जुनी बाईक घेतली आणि गिअर 'खट्ट' वाजतोय? क्लचच्या प्लेटा बदलण्याआधी या चुका टाळा

गेल्या वर्षी म्हापशात मी एक जुनी १५० सीसी बाईक घेतली. बघायला गेलो तेव्हा मालकाने आधीच चालू करून ठेवली होती, गिअर लोण्यासारखे पडत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी घरच्या अंगणात पहिला गिअर टाकला आणि असा 'खट्ट' आवाज झाला की आई पडवीत आली. मी घाबरून जवळच्या गॅरेजात गेलो. क्लच गेला म्हणाले, प्लेटा बदलल्या, पैसे मोजले. पुढच्या सकाळी पुन्हा खट्ट!

मग डिचोलीच्या एका जुन्या मेकॅनिककडे नेली. त्यांनी पाना उचलायच्या आधी एका बोटाने क्लचचा लिव्हर ओढला. जवळजवळ अर्ध्यापर्यंत तो नुसताच सैल येत होता. "बाब, प्लेटा कशाला बदलल्या? क्लचची वायर ओढायची होती." लिव्हरच्या टोकाशी बहुतेक साध्या बाईकना १० ते २० मिलिमीटर ढील पुरते, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. ढील जास्त झाली की पूर्ण दाबूनही क्लच सुटत नाही, गिअर कर्रकन पडतो, सिग्नलला न्यूट्रल सापडत नाही. उलट अजिबात ढील ठेवली नाही तर क्लच घसरतो आणि प्लेटा खरोखरच जळतात. त्यांनी वायर नीट केली, चढवून ठेवलेलं आयडलिंगही (थ्रॉटल न देता इंजिन फिरतं तो वेग) खाली आणलं. खट्टचा खट झाला.

तो खट मात्र राहणार. रात्रभर उभ्या बाईकच्या प्लेटा थंड, घट्ट ऑइलमुळे एकमेकींना चिकटतात. क्लच दाबला तरी आतला शाफ्ट थोडा फिरतच असतो, आणि फिरत्या शाफ्टवर पहिला गिअर अडकला की आवाज होतो. चालू करून अर्धा मिनिट थांबा, क्लच दोन-तीनदा दाबून सोडा, मग गिअर टाका.

माझी खरी चूक ही की आवाज किती मोठा हे ऐकलं, कधी येतो ते पाहिलं नाही. बाईक गरम करा, न्यूट्रलला उभी ठेवा. क्लच दाबल्यावर खडखड थांबते? मग क्लचच्या हाउसिंगमधली (प्लेटा बसतात त्या डब्यातली) ढील किंवा गिअरबॉक्सचं बेअरिंग बघायचं. हलकी खडखड काही मॉडेलना नवीन असतानाही असते. दाबल्यावरच घरघर सुरू होते? मग संशय क्लच सोडवणाऱ्या बेअरिंगवर. आणि चालवतानाच कटकट येत असेल तर इंजिन बंद करून, न्यूट्रलमध्ये बाईक ढकलून बघा. तरीही वाजली तर क्लचचा काही संबंध नाही; चेन, स्प्रॉकेट (चेन फिरवणारं दातेरी चाक) नाहीतर चाकाचं बेअरिंग.

गोव्यात या चेनकडे जास्त लक्ष द्यावं लागतं. किनाऱ्यावरची खारी हवा, चार महिन्यांचा पाऊस, त्यात बाईक पूर्वी भाड्याने फिरलेली असेल तर मोरजी-आश्वेची वाळूही तिने खाल्लेली असते. आणि तिच्यावर गिअर शिकलेले पर्यटक किती, हे देवालाच ठाऊक. मागच्या स्प्रॉकेटवरची चेन बोटाने मागे ओढा. दात अर्धाअधिक उघडा पडला तर चेन संपली. चेन आणि दोन्ही स्प्रॉकेट एकदमच बदला. जुन्या दातांवर नवी चेन लवकर झिजते.

ऑइलमध्ये काटकसर करताना लोक कारचं उरलेलं ऑइल ओततात. बहुतेक बाईकचा क्लच इंजिनच्याच ऑइलमध्ये बुडालेला असतो, आणि कारच्या बऱ्याच ऑइलांतली घर्षण कमी करणारी द्रव्यं त्याला घसरवतात. डब्यावर 'जासो एमए' (JASO MA) किंवा 'एमए२' ही अशा क्लचला चालणाऱ्या ऑइलची खूण बघा, ग्रेड कंपनीने सांगितलेलीच घ्या. बाईक हातात आली की पहिलं ऑइल तुमच्यासमोर काढायला लावा. ड्रेन बोल्टवर बारीक करडा लेप चालतो, धातूचे तुकडे दिसले तर काळजी करा.

क्लच घसरतोय का, हे सपाट रस्त्यावर लवकर कळत नाही. पणजीत आल्तिनोच्या चढावर न्या आणि वरच्या गिअरमध्ये थ्रॉटल द्या. इंजिन ओरडतंय पण वेग वाढत नाही, तर क्लच घसरतोय; लिव्हरची ढील आणि ऑइल बरोबर असेल तर प्लेटा संपल्या. त्याच चढावर गिअर आपोआप सुटून न्यूट्रलला आला तर मात्र सौदा सोडून द्या. वायर ओढून ते बरं होत नाही, बहुधा इंजिन खोलावंच लागतं.

म्हणून आता ओळखीतला कोणी बाईक बघायला निघाला की मी सांगतो, मालकाला आदल्या दिवशी फोन कर आणि म्हण, मी येईपर्यंत चालू करू नका. गेल्यावर आधी इंजिनला हात लावून बघ. गरम लागलं तर चहा पिऊन ये, इंजिन पूर्ण गार झाल्यावर परत बघ.