राउटरवर आयपीव्ही६ खरंच चालतंय का?

आयपीव्ही६ म्हणजे इंटरनेटवरच्या पत्त्यांची नवी पद्धत; आयपीव्ही४ ही जुनी. राउटरच्या पानावर आयपीव्ही६पुढे ‘कनेक्टेड’ असा हिरवा शब्द दिसला की बहुतेक जण तिथेच थांबतात. मीही थांबले होते. पुढचे तीन आठवडे आमच्या वायफायवर आयपीव्ही६ दर अर्ध्या तासाने बंद पडत होतं आणि घरात कुणालाच पत्ता नव्हता. कारण साधं आहे. आयपीव्ही६ने जमलं नाही तर ब्राउझर बोभाटा न करता आयपीव्ही४ने पान आणतो. ही सोय चांगलीच आहे, पण तपासणाऱ्याची ती शत्रू. त्यामुळे ‘सगळ्या साइट उघडतात की’ हा पुरावा धरू नका.

(खाली आज्ञा देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या अर्थातच इंग्रजीतच करायच्या.)

सुरुवात राउटरपासून. आधी फर्मवेअर (राउटरच्या आतलं सॉफ्टवेअर) अद्ययावत करून घ्या. आयपीव्ही६च्या बऱ्याच तक्रारी तिथेच मिटतात. मग इंटरनेटच्या बाजूची माहिती उघडा. तिथे दोन गोष्टी शोधायच्या: राउटरचा स्वतःचा पत्ता आणि घरात वाटण्यासाठी मिळालेला प्रीफिक्स, म्हणजे घरातल्या सगळ्या पत्त्यांची समान सुरुवात. गोंधळ होतो तो दुसऱ्यात. राउटरला पत्ता मिळाला, पण प्रीफिक्स मिळाला नाही, तर राउटर स्वतः आयपीव्ही६वर असतो आणि घरातली उपकरणं कोरडीच राहतात. सेटिंगमध्ये ‘प्रीफिक्स डेलिगेशन’ किंवा नुसतं ‘पीडी’ असं काही असेल तर ते चालू हवं. प्रीफिक्सच्या शेवटी /५६ असेल तर त्यातून /६४ची (एका घरगुती नेटवर्कला लागतो तेवढा तुकडा) २५६ नेटवर्क निघतात. नुसता /६४ असेल तर एकच निघतं, आणि मग पाहुण्यांसाठीच्या वेगळ्या वायफायला आयपीव्ही६ मिळालं नाही तर राउटरला दोष देऊ नका. पत्ता २००२ने सुरू होत असेल तर तो ‘सिक्स-टू-फोर’ नावाचा जुना बोगदा आहे. तो बंद करा. त्याच्यापेक्षा नुसतं आयपीव्ही४ बरं.

आता कॉम्प्युटर. विंडोजवर ‘आयपीकॉन्फिग’, लिनक्सवर ‘आयपी -६ अ‍ॅडर’. एफई८०ने सुरू होणारा पत्ता पाहून खूश होऊ नका. तो कॉम्प्युटर स्वतःच बनवतो, इंटरनेटची तार उपटली तरी तो दिसतो. एफडीने सुरू होणारा पत्ताही फक्त घरातल्या घरात चालतो. आपल्याला हवा तो २ किंवा ३ने सुरू होणारा, आणि त्याची सुरुवात राउटरवरच्या प्रीफिक्सशी जुळायला हवी. असे दोन-तीन पत्ते दिसले तरी हरकत नाही; त्यातला ‘टेंपररी’ लिहिलेला गोपनीयतेसाठी असतो आणि बदलत राहतो. लॅपटॉपला पत्ता मिळतो, पण अँड्रॉइड फोनला मिळत नाही असं असेल, तर राउटरवर पत्ते वाटण्याची पद्धत ‘स्लॅक’ (यात उपकरण प्रीफिक्सवरून आपला पत्ता स्वतःच बनवतं) आहे का ते पाहा. डीएचसीपीव्ही६ने, म्हणजे राउटरने स्वतः नेमून देण्याच्या पद्धतीने, वाटलेला एकेकटा पत्ता अँड्रॉइड घेतच नाही.

मग ‘पिंग -६’, म्हणजे हाक मारून उत्तर येतं का ते पाहणारी आज्ञा. आधी थेट पत्त्याला: गुगलचा सार्वजनिक डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधून देणारी सेवा) २००१:४८६०:४८६०::८८८८ लक्षात ठेवायला सोपा आहे. मग नावाला. पत्त्याला उत्तर येतं आणि नावाला येत नाही, तर रस्ता ठीक आहे, घोळ डीएनएसमध्ये आहे.

खरी परीक्षा मात्र आयपीव्ही४ बंद केल्यावरच होते. विंडोजमध्ये अ‍ॅडॅप्टरच्या प्रॉपर्टीजमध्ये जाऊन ‘इंटरनेट प्रोटोकॉल व्हर्जन ४’समोरची खूण काढा आणि मग नेहमीसारखं वापरून बघा. काही साइट उघडणार नाहीत. त्यांच्याकडेच आयपीव्ही६ नसतं. ‘नवा’ म्हणवणाऱ्या या प्रोटोकॉलचा मसुदा डिसेंबर १९९८मधला आहे, तरी ही स्थिती! साइटवर संशय आला तर ‘एनएसलुकअप -टाइप=एएएए’ आणि पुढे साइटचं नाव द्या. आयपीव्ही६चा पत्ता आलाच नाही, तर तुमचा राउटर निर्दोष. १९२.१६८ने सुरू होणारं राउटरचं पानही या काळात उघडणार नाही, घाबरू नका.

आता त्या अर्ध्या तासाची गोष्ट. एका लॅपटॉपला केबल लावा, दुसरा वायफायवर ठेवा, दोन्हींवर ‘पिंग -६ -टी’ चालू करा आणि आपापल्या कामाला लागा. मी दोन्ही स्क्रीन शेजारी शेजारी ठेवून बसले होते. केबलवाला शांतपणे उत्तरं मोजत होता. वायफायवाला तिसाव्या मिनिटाला ‘जनरल फेल्युअर’ म्हणाला आणि तेच म्हणत राहिला. वायफाय बंद करून पुन्हा चालू केलं की पुढची तीस मिनिटं परत ठीक.

या ठरावीक वेळेतच उत्तर होतं. राउटर अधूनमधून सगळ्या घराला ‘मी इथे आहे, बाहेरचा रस्ता माझ्याकडून’ अशी दवंडी देतो. तिला राउटर अ‍ॅडव्हर्टाइजमेंट म्हणतात. या दवंडीची मुदत बहुतेक वेळा १८०० सेकंद असते. तेवढ्यात नवी दवंडी आली नाही तर उपकरण तो रस्ता विसरतं. वायफायला जोडताना लॅपटॉप स्वतःहून विचारतो आणि त्याला थेट उत्तर मिळतं, म्हणून सुरुवात झकास. नंतरच्या दवंड्या मल्टिकास्टने, म्हणजे एकच निरोप अनेकांना एकदम अशा, येतात, आणि माझ्या राउटरचं वायफाय त्या गिळत होतं. वायरलेसच्या प्रगत सेटिंगमधलं मल्टिकास्ट स्नूपिंग बंद केलं आणि दुखणं गेलं. तुमच्याकडे त्या सेटिंगचं नाव वेगळं असेल, पण ‘मल्टिकास्ट’, ‘आयजीएमपी’ किंवा ‘एमएलडी’ यातला एखादा शब्द त्यात असतोच.

राउटर बंद-चालू करूनही पाहा. प्रीफिक्स बदलला तर उपकरणांवर जुना आणि नवा असे दोन्ही पत्ते दिसतात. चांगला राउटर जुना रद्द झाल्याचं कळवतो. न कळवणाऱ्या राउटरमुळे उपकरणं जुन्याच पत्त्यावरून बोलत राहतात आणि उत्तरं भलतीकडे जातात.

पिंग चालतं, छोटी पानं उघडतात, मोठी मध्येच अडकतात, असं झालं तर पाकिटाचा (माहिती ज्या तुकड्यांत जाते त्या एकेका तुकड्याचा) आकार तपासा. विंडोजवर ‘पिंग -६ -एल १२३२’ला उत्तर येतं, आणि ‘-एल १४५२’ला चार-पाच वेळा करूनही येत नाही, तर वाटेत कुणीतरी ‘पाकीट मोठं आहे’ हा निरोप अडवतंय. एकाच सर्व्हरवर निकाल देऊ नका; काही जण मोठ्या पिंगला मुद्दाम उत्तर देत नाहीत. पण सगळीकडे तेच दिसलं, तर राउटरवर आयसीएमपीव्ही६ (असे निरोप आणि पिंग ज्यातून जातात तो प्रोटोकॉल) सरसकट अडवलेलं नाही ना, ते पाहा. ‘सुरक्षेसाठी’ ते बंद करायचा सल्ला अजून फिरतो. आयपीव्ही६मध्ये तो सल्ला चुकीचा आहे.

शेवटचं आणि सगळ्यात महत्त्वाचं, फायरवॉल. आयपीव्ही४मध्ये नॅटमुळे (सगळ्या घरासाठी बाहेर एकच पत्ता वापरण्याची युक्ती) घरातली यंत्रं आपोआप आडोशाला असतात. आयपीव्ही६मध्ये प्रत्येकाचा पत्ता जगाला दिसतो, तेव्हा अडवायचं काम राउटरच्या फायरवॉलनेच करायचं. ती चालू आहे असं लिहिलेलं असतं, पण करून बघा. एक रिकामा फोल्डर बनवा (रिकामाच, कारण तो बाहेर दिसू शकतो), त्यात टर्मिनल उघडून ‘पायथन -एम एचटीटीपी.सर्व्हर ८००० --बाइंड ::’ चालवा. हा कॉम्प्युटरवरचा छोटासा वेब सर्व्हर. फोन वायफायवर असताना ब्राउझरमध्ये कॉम्प्युटरचा आयपीव्ही६ पत्ता चौकटी कंसात लिहून पुढे :८००० लावा. पान उघडलं पाहिजे. नाही उघडलं तर कॉम्प्युटरचीच फायरवॉल अडवतेय, आधी तिची परवानगी द्या, नाहीतर पुढच्या चाचणीला अर्थ नाही. आता फोनचं वायफाय बंद करून मोबाइल डेटावरून तेच पान उघडा. डेटावरही आयपीव्ही६ आहे याची खात्री आधी करा. पान लटकून राहिलं तर उत्तम. उघडलं तर राउटरचं दार सताड उघडं आहे; फायरवॉल चालू होईपर्यंत आयपीव्ही६ बंद ठेवा.

झालं की कंट्रोल-सी दाबून तो सर्व्हर थांबवा, कॉम्प्युटरच्या फायरवॉलला दिलेली परवानगी काढा, आणि आयपीव्ही४ची खूण परत लावा. ही खूण मी एकदा विसरले आणि दुसऱ्या दिवशी तासभर प्रिंटरला शिव्या घालत बसले होते.