चकचकीत नाण्याचा फोटो काळा येत होता, तो प्रश्न असा सुटला

लक्षण: आरशासारखं चकाकणारं नाणं मोबाइलने वरून सरळ टिपलं की मधला भाग काळा, त्यात मोबाइलचंच प्रतिबिंब. मोबाइल तिरका केला की नाणं लंबगोल. फ्लॅशने पांढरा डाग पडला, दोन बाजूंच्या दिव्यांनी फक्त कडा उजळल्या, दिव्यापुढे ट्रेसिंग पेपर धरला तर चमकच मेली. तीन रविवार यात गेले, फार चिडचिड झाली.

उपाय निघाला फोटोफ्रेमच्या साध्या, पातळ काचेत. खोलीतले दिवे बंद करा. काळ्या कापडावर बाटलीचं झाकण, त्यावर नाणं ठेवा (कडेनेच धरायचं). मोबाइल पुस्तकांच्या दोन चळतींवर बरोबर वर, आडवा टेकवा. मध्ये काच ४५ अंशांत तिरकी उभी करा. टेबललॅम्प बाजूने, काचेच्या उंचीवर ठेवा. प्रकाश काचेवरून परावर्तित होऊन सरळ खाली नाण्यावर पडला पाहिजे. लॅम्प आणि नाणं यांच्यामध्ये पुठ्ठा उभा करा, थेट उजेड नाण्यावर नको. समोरच्या बाजूला काळा कागद लावा, नाहीतर भिंत काचेत दिसते. फोकस लॉक, एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) थोडं कमी, २ सेकंदांचा टायमर.

काच अंशभर हलवली आणि नाण्यावरच्या राजाच्या कानामागची केसांची बट एकेक रेघ सुटी दिसली!

मळकट, जुन्या नाण्याला मात्र काच नको, एका बाजूचा तिरका उजेडच उठाव देतो. आणि फोटोसाठी नाणं घासू नका. गेलेली झाक परत येत नाही.