फ्रेमवर्कला एचटीएमएल ५ जोडताय? या चुका टाळा

गेल्या महिन्यात अंधेरीच्या ऑफिसात एका नव्या मुलाने रिव्ह्यूला पॅच, म्हणजे कोडमधला बदल, टाकला. नाव ‘एचटीएमएल ५ सपोर्ट’, म्हणजे वेबपानांच्या भाषेच्या या आवृत्तीसाठी तयारी. उघडून पाहिलं तर बदल एकाच ओळीचा: लेआउटमधला एक्सएचटीएमएलचा (एचटीएमएलच्या जुन्या, कडक रूपाचा) लांबलचक डॉक्टाइप (पान कोणत्या नियमांचं ते सांगणारी पहिली ओळ) गेला होता आणि त्या जागी छोटा आला होता. असे पॅच मी दहा वर्षं बघतोय आणि दर वेळी तेच तेच लिहून परत पाठवतोय. म्हणून एकदाच सगळं इथे लिहून ठेवतो.

एचटीएमएल ५ची अधिकृत शिफारस २८ ऑक्टोबर २०१४ला आली, म्हणजे नवलाई कधीच संपली. पण मुंबईतल्या पतपेढ्या, शाळा, हाउसिंग सोसायट्या यांची कामं अजूनही घरी बनवलेल्या जुन्या फ्रेमवर्कवर (तयार कोडच्या सांगाड्यावर) चालतात. त्यांचे फॉर्म हेल्पर, म्हणजे फॉर्ममधली फील्डं छापणारे कोडचे तुकडे, लिहिले गेले तेव्हा एक्सएचटीएमएल १.० हाच शेवटचा शब्द होता. डॉक्टाइप बदलून त्यातलं काहीच बदलत नाही. फार तर एक्सएचटीएमएलच्या ‘ट्रान्झिशनल’ या सैल प्रकारावरून आलात तर टेबलातल्या चित्रांखाली बारीक फट दिसायला लागेल. खरं काम हेल्परमध्ये आहे, आणि घात होतो तोही तिथेच.

टाइप बदलला, व्हॅल्यू तशीच ठेवली

ही चूक मी स्वतः केली आहे.

२०१६चा पावसाळा. दादरच्या एका पतपेढीचं ठेवींचं सॉफ्टवेअर आमच्याकडे होतं. कॅलेंडरसाठी आम्ही एक जड जावास्क्रिप्ट लायब्ररी ओढत होतो. ती काढायची आणि ब्राउझरचंच कॅलेंडर वापरायचं असं ठरलं. मी हेल्परमध्ये तारखेच्या इनपुटचा टाइप ‘टेक्स्ट’वरून ‘डेट’ केला. एक शब्द बदलला आणि चाळीसेक स्क्रीन एका झटक्यात नव्या झाल्या. नवीन ठेव उघडून पाहिली, कॅलेंडर छान आलं, त्याच संध्याकाळी लाइव्ह केलं.

चार दिवसांनी पतपेढीतून फोन आला. काउंटरवरच्या ताई म्हणाल्या, “वारसाची जन्मतारीख जातेय.” मी गेलो. त्यांनी एका ठेवीदाराचं खातं उघडलं, फक्त मोबाइल नंबर बदलला, जतन केलं. पुन्हा उघडलं तर जन्मतारखेचा चौकोन रिकामा. मग त्यांनी शेजारचा लाल कापडी बांधणीचा रजिस्टर पुढे ओढला आणि त्यात हातानं लिहिलेली तीच तारीख बोटानं दाखवली.

झालं होतं असं. आमचा हेल्पर व्हॅल्यू दिवस, महिना, वर्ष या क्रमाने आणि तिरक्या रेघांनी छापत होता. ‘डेट’ टाइपला व्हॅल्यू एकाच रूपात चालते: आधी वर्ष, मग महिना, मग दिवस, मध्ये आडव्या रेघा. बाकी काहीही दिलं की ब्राउझर ती व्हॅल्यू टाकून देतो आणि चौकोन रिकामा दाखवतो. ब्राउझरच्या कन्सोलमध्ये (प्रोग्रामरसाठीच्या खिडकीत) एक इशारा येतो, पण पतपेढीत कन्सोल कोण उघडणार? फॉर्म जतन झाला की रिकामी तारीख डेटाबेसात जाते. वारसाची जन्मतारीख ऐच्छिक होती, त्यामुळे सर्व्हरनेही अडवलं नाही. ज्या खात्यात काहीही दुरुस्त झालं, त्या प्रत्येक खात्यातली तारीख पुसली गेली.

आमच्या टेस्टिंगला हे दिसलं नाही, कारण टेस्ट करणारा सहकारी फायरफॉक्स वापरायचा. तेव्हाच्या फायरफॉक्सला ‘डेट’ टाइप येतच नव्हता, तो आला ५७व्या आवृत्तीत, २०१७ला. न ओळखलेला टाइप ब्राउझर साधा टेक्स्ट समजतो, म्हणून त्याच्या पडद्यावर जुनी तारीख व्यवस्थित दिसत होती. पतपेढीत क्रोम होतं. बॅकअपमधून तारखा परत आणायला दोन रात्री गेल्या, आणि मधल्या चार दिवसांत नव्याने भरलेल्या नोंदी ताईंनी रजिस्टरमधून एकेक करून तपासल्या.

तेव्हापासून माझी सवय ठरलेली आहे. हेल्परमधला कुठलाही टाइप बदलला की जुनी नोंद उघडायची, कशालाही हात न लावता जतन करायची, आणि डेटाबेसमधली आधीची व नंतरची ओळ शेजारी ठेवून बघायची. फरक शून्य आला पाहिजे. नवा फॉर्म भरून बघणं ही टेस्ट नाही, कारण नव्या फॉर्मला हरवण्यासारखं काही नसतं. व्हॅल्यू छापताना यंत्राचं रूप वापरा, माणसाला कशी दाखवायची ते ब्राउझर बघेल. सर्व्हरवर मात्र दोन्ही रूपं स्वीकारा. डेस्कटॉपवरच्या सफारीला हा टाइप १४.१मध्ये, २०२१ला आला, आणि जुनी मशीन लोक सहज फेकत नाहीत.

लपलेल्या फील्डवर ‘रिक्वायर्ड’

मॉडेलमध्ये (डेटाच्या व्याख्येत) फील्ड सक्तीचं असेल तर हेल्परने आपोआप ‘रिक्वायर्ड’ छापावं, ही कल्पना सगळ्यांना आवडते. मग कुणीतरी फॉर्मचे तीन टॅब करतो आणि दुसरा टॅब लपवतो. लपलेलं सक्तीचं फील्ड रिकामं असलं की ब्राउझर फॉर्म अडवतो, पण तिथे फोकस नेता येत नाही म्हणून चूक सांगणारा फुगाही दाखवत नाही. माणूस बटण दाबत बसतो आणि पडद्यावर काहीच हलत नाही. एका शाळेच्या प्रवेशअर्जात हे झालं तेव्हा पालक रात्री साडेअकराला फोन करत होते, कारण दुसऱ्या दिवशी मुदत संपत होती.

जँगो या पायथॉनच्या फ्रेमवर्कने १.१०मध्ये ‘रिक्वायर्ड’ आपोआप छापायला सुरुवात केली, तेव्हाच ते बंद करायची सोयही दिली आणि फॉर्मसेटमध्ये (एकाच फॉर्मच्या अनेक प्रतींत) ते बंदच ठेवलं. मी लपलेला भाग फील्डसेटमध्ये (फील्डांचा गट करणाऱ्या टॅगमध्ये) घालून तो फील्डसेट डिसेबल करतो, म्हणजे ब्राउझर ती फील्डं तपासत नाही. एक लक्षात ठेवा: डिसेबल फील्ड सर्व्हरकडे जातच नाही, तेव्हा सर्व्हरने ‘आलं नाही’ आणि ‘रिकामं आलं’ यात फरक करायला हवा. सगळ्या फॉर्मवर ‘नोव्हॅलिडेट’ (ब्राउझरची तपासणी बंद) चिकटवून मोकळं होणारे बरेच आहेत. चूक सांगणारे स्वतःचे संदेश नीट दाखवत असाल तर तसं करा. फक्त फोन बंद व्हावेत म्हणून करत असाल तर करू नका.

बाकीच्या, थोडक्यात

‘डिसेबल्ड’ची व्हॅल्यू ‘फॉल्स’ छापली तरी फील्ड डिसेबलच होतं. खोटं असेल तेव्हा ॲट्रिब्यूट छापूच नका.

स्वतःलाच बंद करणारा रिकामा ‘डिव्ह’ टॅग एचटीएमएलमध्ये बंद होत नाही. ब्राउझर शेवटची तिरकी रेघ सोडून देतो आणि पुढचं अर्धं पान त्या डिव्हच्या पोटात जातं. ‘स्क्रिप्ट’चंही तसंच.

मोबाइल, पिनकोड, खाते क्रमांक हे ‘नंबर’ नाहीत. त्यांची बेरीज कुणी करत नाही. टेक्स्ट ठेवा आणि ‘इनपुटमोड’ न्यूमेरिक द्या, फोनवर आकड्यांचा कीबोर्ड येतो.

रक्कम ‘नंबर’ असेल तर ‘स्टेप’ (आकडा कितीच्या पटीत चालेल ते) सांगा. न सांगितल्यास ती १ धरली जाते आणि १२५०.५० रुपये ब्राउझर नाकारतो.

टेक्स्टएरियाच्या (अनेक ओळींच्या चौकोनाच्या) ‘मॅक्सलेंग्थ’मध्ये, म्हणजे अक्षरांच्या मर्यादेत, ब्राउझर नवी ओळ एक अक्षर मोजतो, पाठवताना दोन पाठवतो. पत्ता ब्राउझरमध्ये पास आणि सर्व्हरवर नापास होतो. सर्व्हरने मोजण्याआधी ओळी एकसारख्या करून घ्या.

सर्व्हरचा रेगेक्स (मजकूर तपासायचा साचा) जसाच्या तसा फील्डच्या ‘पॅटर्न’मध्ये डकवू नका. जावास्क्रिप्टला तो कळला नाही तर ब्राउझर तपासणीच सोडून देतो.

पीएचपीच्या जुन्या डॉम पार्सरला (एचटीएमएल वाचणाऱ्या कोडला) ‘सेक्शन’, ‘आर्टिकल’ कळत नाहीत, आणि एन्कोडिंग (अक्षरं कोणत्या पद्धतीने साठवलीत ते) सांगितलं नाही तर तो मराठीचा चुराडा करतो. पीएचपी ८.४मध्ये एचटीएमएल ५चा वेगळा पार्सर आलाय, तो वापरा.

त्या नव्या मुलाला मी पॅच परत केला आणि सगळी फील्डं असलेलं एक पान बनवायला सांगितलं. जुन्या नोंदी उघड, काही न बदलता जतन कर, तीन ब्राउझरमध्ये कर. दोन दिवसांनी तो माझ्या टेबलाशी आला. भेटीची वेळ ठरवायच्या फील्डला आमचाच हेल्पर अजून शेवटी टाइमझोन जोडत होता, ५ तास ३० मिनिटांचा, आणि ‘डेटटाइम-लोकल’ या तारीख-वेळेच्या टाइपला टाइमझोन चालत नाही. चौकोन रिकामा. ते दुरुस्त झाल्यावर तो पॅच आज सकाळी मर्ज केला, म्हणजे मूळ कोडमध्ये घेतला.