नीमन फेलोशिपचा अर्ज: जिल्ह्याच्या बातमीदारीतून हार्वर्डपर्यंत

किमान पाच वर्षं पूर्णवेळ पत्रकारिता केलेल्यांसाठी हार्वर्ड विद्यापीठाची नीमन फेलोशिप आहे. १९३८ पासून ती सुरू आहे. दोन सत्रं अमेरिकेतल्या केंब्रिजमध्ये राहून विद्यापीठातले हवे ते वर्ग करायचे. पदवी मिळत नाही आणि अर्जासाठी पदवीची अटही नाही. राहण्या-जेवण्यासाठी मानधन मिळतं, कुटुंब बरोबर नेता येतं. त्या काळात व्यावसायिक काम मात्र थांबवावं लागतं, त्यामुळे 'तिथून अधूनमधून स्तंभ पाठवीन' असं संपादकांना आधीच सांगून बसू नका.

अमेरिकेबाहेरच्या अर्जदारांची मुदत साधारणपणे १ डिसेंबरला संपते. त्या वर्षीची तारीख आणि शब्दमर्यादा संकेतस्थळावरूनच घ्या, मित्राच्या जुन्या अर्जावरून नाही. मुदत अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्याच्या वेळेनुसार रात्री ११.५९ अशी असेल, तर आपल्याकडे दुसऱ्या दिवशी सकाळचे १०.२९ वाजलेले असतात. तरी शेवटच्या रात्रीवर विसंबू नये. तयारीला ऑगस्टमध्ये लागलं, तर दिवाळी अंकांच्या धबडग्यातही वेळ पुरतो.

बहुतेक अर्ज घसरतात ते अभ्यासाच्या प्रस्तावात. 'ग्रामीण महाराष्ट्राचे प्रश्न जागतिक पातळीवर मांडायचे आहेत' या वाक्यातून निवड समितीला काहीच कळत नाही. समजा, तुम्ही बीडमध्ये ऊसतोड मजुरांवर लिहिता. मग प्रश्न असा बांधा: कडक उन्हात अंगमेहनत करणाऱ्या बायकांच्या आरोग्यावर नेमका काय परिणाम होतो, आणि गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांची बातमी करताना वैद्यकीय आकडेवारी कशी तपासायची? आता हार्वर्डचा संबंध दिसतो: सार्वजनिक आरोग्याच्या विभागात साथरोगशास्त्र, केनेडी स्कूलमध्ये धोरण, कायद्याच्या विभागात कामगार कायदा. अभ्यासक्रमांची यादी उघडून त्यातले तीन-चार वर्ग निवडा आणि प्रत्येकातून काय हवं ते एका वाक्यात लिहा. परतल्यावर त्यातून कोणत्या बातम्या निघतील, हेही लिहा. जे इंटरनेटवर घरबसल्या शिकता येईल, त्यासाठी कोणी वर्षभराचा खर्च करत नाही.

आणखी एक खाच. 'उचल', 'मुकादम', 'कोयता' हे शब्द आपल्याला इतके सवयीचे असतात की ते समजावायचे राहून जातात. नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता आणि हंगामाआधी घेतलेली उचल ऊस तोडून फेडायची, एवढं दोन ओळींत सांगितलं की वाचणाऱ्याला विषय कळतो. उलट, हेच शब्द गाळून 'स्थलांतरित मजूर' असं गुळगुळीत लिहिलं, तर तुमचं वेगळेपणच जातं.

कामाच्या नमुन्यांसाठी गाजलेल्या बातमीपेक्षा तुमची मेहनत दिसणारी बातमी निवडा. मराठी दैनिकांत घोळ असा की अनेक चांगल्या बातम्या 'विशेष प्रतिनिधी' किंवा 'आमच्या प्रतिनिधीकडून' म्हणून छापल्या जातात. अशा बातमीला संपादकांचं सही-शिक्क्याचं पत्र जोडा: बातमी कोणाची, तारीख कोणती, आवृत्ती कोणती. ई-पेपरचे दुवे काही महिन्यांनी उघडत नाहीत किंवा वर्गणी मागतात, म्हणून पूर्ण पानाची पीडीएफ आजच जपून ठेवा. जुन्या फॉन्टमधला मजकूर थेट चिकटवला तर अक्षरांचा चिवडा होतो. तो आधी युनिकोडमध्ये बदलून, काना-मात्रा आणि जोडाक्षरं डोळ्यांनी तपासून घ्या. इंग्रजी भाषांतर माणसाकडून करून घ्या. यंत्राने केलेल्या भाषांतरात 'सातबारा' हा नुसता आकडा होऊन बसतो. बातमीनंतर काय घडलं (चौकशी, निलंबन, न्यायालयाची दखल) ते वर दोन ओळींत द्या. काहीच घडलं नसेल, तर तसं लिहायला हरकत नाही.

शिफारसपत्रासाठी मोठं नाव शोधत फिरू नका. मंत्र्याचं किंवा कुलगुरूंचं चार ओळींचं कौतुक फुकट जातं. ज्या वृत्तसंपादकाने तुमच्या बातम्यांची कॉपी दहा वर्षं वाचली, त्याचं पत्र वजनदार ठरतं. इंग्रजीत लिहायला ते संकोचत असतील, तर मुद्दे मराठीत घेऊन भाषांतराला मदत मिळवून द्या, पण मजकूर त्यांचाच असू द्या. सगळी पत्रं एकाच हाताची वाटली की संशय येतो. पत्र अपलोड करण्याचा दुवा त्यांना ईमेलने थेट जातो आणि बऱ्याचदा स्पॅममध्ये पडतो. दुवा गेल्याच्या दिवशीच फोन करा.

बिनपगारी रजेबद्दल व्यवस्थापनाशी अर्जाआधी बोला, आणि होकार लेखी घ्या. मानधनावरच्या वार्ताहरांकडे पगाराची पावती नसते; त्यांनी ओळखपत्रं, बँकेत जमा झालेल्या मानधनाच्या नोंदी आणि वर्षवार कात्रणं जमवून पूर्णवेळ काम सिद्ध होतं का ते पाहावं. निवड झालीच तर विद्यापीठाकडून डीएस-२०१९ हा पात्रतेचा कागद आल्यावर जे-१ व्हिसाची (देवाणघेवाण कार्यक्रमांसाठीच्या अमेरिकी व्हिसाची) प्रक्रिया सुरू होते. पासपोर्टची मुदत मात्र आजच तपासा.

नऊ महिने घर सोडणं शक्य नसेल, तर ऑक्सफर्डमधल्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटची पत्रकार फेलोशिप पाहावी. तिचा कालावधी कमी असतो. पण तिथे एकच ठरावीक प्रकल्प पूर्ण करायचा असतो, म्हणून नीमनचा प्रस्ताव जसाच्या तसा तिथे पाठवू नका.