हिशेबवहीचे शेवटचे पान : नव्या ट्रकचालकासाठी

ट्रकवर नव्याने बसलेल्या चालकाला गिअर, ब्रेक, टायर आणि कागदपत्रे यांबद्दल सांगणारे पुष्कळ भेटतात. ज्या माणसांच्या आधाराने गाडी मुक्कामी पोहोचते त्यांच्याशी कसे वागावे, हे मात्र बहुधा कुणी सांगत नाही. सांगलीच्या मार्केट यार्डातून हळद भरून वाशीला जाणारी एक गाडी घेतली, तरी पोती वाहणारे हमाल, ताडपत्री ओढणारा क्लीनर, रात्री उठून पंक्चर काढणारा, ढाब्यावर अंघोळीला पाणी देणारा आणि घाटात मागून येऊन ‘तुझा मागचा दिवा बंद आहे’ असे ओरडून सांगणारा दुसरा चालक, अशी दहाएक माणसे त्या एका खेपेला हात लावतात. त्यांतल्या निम्म्यांची नावेही आपल्याला ठाऊक नसतात. मी या मार्गावर बरीच वर्षे गाडी चालवली आहे आणि पुढे जे सांगतो आहे त्यातले बरेचसे आधी चुकून मग शिकलो आहे.

सुरुवात वहीपासून करावी. मालकाला हिशेब देण्यासाठी डिझेल, हमाली, वाराई (माल उतरवण्यासाठी चालकाकडून घेतले जाणारे पैसे), पंक्चर, जेवण असा खर्च लिहिलेली खेपेची वही प्रत्येक चालक ठेवतोच. त्याच वहीचे शेवटचे पान कोरे ठेवून त्यावर आपल्याला कोणी, कुठे, काय मदत केली ते दोन ओळींत लिहावे. माझ्या वहीत एके ठिकाणी असे आहे : ‘कराड, कोल्हापूर नाका, पहाटे ४. पंक्चरवाल्या मामांनी झोपेतून उठून हवा भरून दिली, पैसे घेतले नाहीत.’ त्याखाली दुसऱ्या शाईत : ‘परतीच्या खेपेला पाव किलो बेदाणा दिला.’ उपकार लक्षात राहतात असे आपल्याला वाटते, पण महिन्याला आठ-दहा खेपा करणाऱ्या माणसाला मागच्या आठवड्यातला ढाबाही नीट आठवत नाही, आणि मग त्याच माणसासमोरून आपण हॉर्न वाजवत निघून जातो. बेदाणा तासगावच्या दुकानातून विकत घेतलेला होता, हे मुद्दाम सांगतो. गाडीत भरलेल्या मालातून मूठभर काढून कुणाला देणे म्हणजे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र ठेवणे आहे, आणि त्याला दुसरे सरळ नावही आहे.

आभार कसे मानावेत, याबद्दल नव्या मुलांचा गोंधळ होतो. आपल्याकडे, म्हणजे साताऱ्या-सांगलीच्या गावांत, ‘धन्यवाद’ म्हटले तर समोरचा माणूस जरा अवघडतो. ‘येतो मामा’, ‘लई उपकार झालं बगा’ किंवा नुसते थांबून घेतलेला एक घोट चहा एवढ्याने काम होते. वयाने मोठ्या हमालाला मामा किंवा आबा म्हणावे, चहाच्या टपरीवरच्या बाईंना मावशी म्हणावे, बरोबरीच्याला भाऊ म्हणावे, निपाणीच्या पुढे गेल्यावर अण्णा म्हणावे. ‘ए’ अशी हाक कुणालाच मारू नये, वयाने लहान क्लीनरलासुद्धा नाही. पैशांच्या बाबतीत माझा नियम साधा आहे : जे काम म्हणून केले त्याची मजुरी घासाघीस न करता पूर्ण द्यावी आणि दर काम सुरू होण्याआधीच विचारून घ्यावा, जे माणुसकी म्हणून केले त्याच्यापुढे नोटा नाचवू नयेत. वीस रुपये पुढे करून मोकळे होण्याची घाई पुष्कळांना अपमानासारखी लागते.

माल भरताना सर्वांत जास्त शिकायला मिळते आणि सर्वांत जास्त भांडणेही तिथेच होतात. हमाल येण्याआधी गाडीचे मागचे दार, म्हणजे फाळका, उघडून ठेवावा, गाडी ओट्याला अशी सरळ लावावी की पाठीवर पोते घेतलेल्या माणसाची चार पावले वाचतील, आणि इंजिन बंद करावे, कारण आत बसलेल्या आपल्याला जाणवत नसला तरी धूर मागे वाकलेल्या माणसाच्या तोंडावर जातो. पाण्याचा कॅन भरून फाळक्याजवळ ठेवावा. माझ्या दुसऱ्या की तिसऱ्या खेपेला मी घाईघाईने ताडपत्र्या टाकून दोर आवळला होता आणि निघायच्या बेतात होतो. एक वयस्क हमाल विडी विझवून उठले, गाडीभोवती एक फेरी मारली आणि म्हणाले, ‘ही खंबाटकीपतुरबी टिकायची न्हाई. सोड समदं.’ त्यांनी सगळा दोर सोडायला लावला, मागची ताडपत्री आधी पसरायला लावली आणि पुढची ताडपत्री तिच्यावर हातभर येईल अशी ओढून घेतली. उलटे केले तर समोरून येणारा वारा सांध्यात शिरतो, ताडपत्री फुगते आणि पाऊस थेट पोत्यांवर पडतो. मग दोराचा फास हुकात अडकवून पाय फाळक्याला टेकवून अंग मागे टाकायचे, हातांनी नव्हे तर वजनाने आवळायचे, हे त्यांनी दोनदा करून दाखवले. त्या रात्री खंडाळ्याजवळ पाऊस लागला. हळद भिजली असती तर माझी नोकरी त्याच दिवशी संपली असती. त्यांच्यासाठी पुढच्या खेपेला मी काही नेले नाही. फक्त दोर त्यांच्यासमोर बांधला आणि ‘बगा बरं मामा’ म्हणालो. ते काही न बोलता एक फेरी मारून गेले.

वाराईचा वाद मात्र वेगळा ठेवावा. माल उतरवण्याचे पैसे चालकाकडून का घ्यावेत, हा प्रश्न रास्त आहे आणि ‘ज्याचा माल त्याचा हमाल’ ही वाहतूकदारांची मागणी जुनी आहे. पण त्याचा निकाल पोते उचलणाऱ्या माणसाशी हुज्जत घालून लागत नाही. वाराई कोणाकडे आणि किती, हे गाडी भरण्यापूर्वी ट्रान्सपोर्टच्या कार्यालयात ठरवून बिल्टीवर, म्हणजे मालाच्या पावतीवर, लिहून घ्यावे. महाराष्ट्रात माथाडी, म्हणजे ओझी वाहणाऱ्या, कामगारांसाठी 1969 साली कायदा झाला आणि माथाडी चळवळीचे नेते अण्णासाहेब पाटील हे पाटण तालुक्यातले, म्हणजे आपल्याच डोंगरातले. ज्यांना आपण ‘हे हमाल’ म्हणून मोकळे होतो, त्यांच्यामागे तेवढा इतिहास आहे, हे ठाऊक असले की आवाज आपोआप खाली येतो.

क्लीनर हा चालकाच्या स्वभावाची खरी परीक्षा असतो, कारण तिथे बघायला कुणी नसते. ढाब्यावर त्याचे ताट आपल्याबरोबर लागले पाहिजे आणि त्यात तेच असले पाहिजे जे आपल्या ताटात आहे. गाडी मागे घेताना त्याचा हात दिसेनासा झाला तर थांबावे. त्याच्यावर ओरडून गाडी मागे नेऊ नये. शिकवायचे तर टायरची हवा, ऑइल, दोर, कागदपत्रांची मुदत हे मन लावून शिकवावे, पण रात्री आपल्याला झोप येते म्हणून महामार्गावर त्याच्या हाती स्टिअरिंग देणे याला प्रेम म्हणत नाहीत. व्यावसायिक वाहनाच्या शिकाऊ परवान्यासाठी हलक्या वाहनाचा परवाना किमान एक वर्ष जुना असावा लागतो आणि वय किमान 20 असावे लागते. त्या पोराचा आधी हलक्या वाहनाचा परवाना निघावा म्हणून एक दिवस आरटीओत त्याच्याबरोबर जाऊन बसणे, ही मी पाहिलेली सर्वांत उपयोगी दया आहे.

रस्त्यावर दया दाखवायची ती दिव्यांनी आणि ब्रेकने. ऊसतोडीच्या हंगामात, साधारण दिवाळीपासून मार्चपर्यंत, कराड, इस्लामपूर, वाळवा या पट्ट्यात रात्री बैलगाड्या आणि दोन-दोन ट्रॉल्या ओढणारे ट्रॅक्टर रस्त्यावर असतात. बऱ्याच ट्रॉल्यांच्या मागे उसाचे शेंडे लोंबतात आणि त्याआड रिफ्लेक्टर दिसत नाही. समोरून बैलगाडी येताना दिसली की दिवे डीपरवर घ्यावेत, म्हणजे उजेड खाली झुकवावा, कारण प्रखर उजेडाने बैल बुजतात. आपल्या पुढे अशी ट्रॉली असेल आणि ओलांडायला जागा नसेल, तर धोक्याचे दिवे लावून काही अंतर तिच्या मागे सावकाश चालावे. दहा मिनिटे जातात, पण मागून भरधाव येणाऱ्या एसटीला आपली गाडी दिसते आणि ट्रॉलीवर झोपलेली बीडकडची माणसे वाचतात. मागच्या गाडीला ‘ये पुढे’ सांगण्यासाठी उजवा इंडिकेटर देण्याची सवय मला पटत नाही. तोच इंडिकेटर ‘मी उजवीकडे वळतो आहे’ असेही सांगतो आणि मागचा नवखा असेल तर नेमका उलटा अर्थ घेतो. त्यापेक्षा वेग थोडा कमी करून डावी बाजू धरावी. घाट चढताना दोन भरलेल्या गाड्यांनी शेजारी शेजारी रेंगाळत एकमेकींना ओलांडू नये. मागे रुग्णवाहिका अडकलेली आहे की नाही, ते आपल्याला तिथून दिसत नाही. आषाढात माउलींची पालखी लोणंद, तरडगाव, फलटण या वाटेने जाते, तेव्हा त्या बाजूची खेप शक्यतो घेऊच नये, आणि घेतलीच तर प्रेशर हॉर्नला हात लावू नये. तो हॉर्न एरवीही कायद्याला मान्य नाही.

अपघात दिसला की बहुतेक चालक पोलिसांच्या भीतीने पुढे निघून जातात. ही भीती पूर्वी अगदीच निराधार नव्हती, पण आता कायदा मदत करणाऱ्याच्या बाजूने आहे. सर्वोच्च न्यायालयाने 2016 साली मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाचे नियम बंधनकारक केले आणि 2019 च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात कलम 134अ आले : जखमीला सद्भावनेने मदत करणाऱ्यावर दिवाणी किंवा फौजदारी कारवाई होत नाही आणि त्याला स्वतःचे नाव-पत्ता सांगण्याची सक्ती करता येत नाही. आधी 108 वर रुग्णवाहिका बोलवावी, 112 वर कळवावे, राष्ट्रीय महामार्गावर असाल तर 1033 लावावा, आणि ठिकाण सांगताना रस्त्याकडेच्या किलोमीटरच्या दगडावरचा आकडा वाचून सांगावा. जखमीला ओढून बाहेर काढण्याची घाई करू नये. गाडीला आग लागण्याची भीती नसेल तर मान न हलवता तसेच राहू द्यावे. अपघातात आपलीच गाडी असेल तर गोष्ट वेगळी : जखमीला उपचार मिळवून देणे आणि 24 तासांच्या आत पोलिसांना कळवणे हे आपले कर्तव्य आहे, मात्र जमावाच्या रोषामुळे तिथे थांबणे शक्य नसेल, तर कायद्यानेच ती अडचण मान्य केली आहे. अशा वेळी गाडी सोडून सरळ जवळचे पोलीस ठाणे गाठावे.

दयेलाही हद्द असते. रात्री निर्जन जागी कुणी हात केला तर तिथे थांबू नये. पुढच्या उजेडाच्या ठिकाणी थांबून 112 ला फोन करावा. मदत त्यानेही होते. मालकावरच्या कृतज्ञतेपोटी सलग दोन रात्री गाडी चालवणे, ही तर सर्वांत मोठी गफलत आहे. ज्याने मला पहिली गाडी दिली त्याच्या शब्दाखातर मी एकदा असे केले आणि आनेवाडीच्या टोलनाक्यापुढे डोळा लागला; चाक कडेच्या खडीवर घसरल्याच्या आवाजाने जाग आली. मोटार परिवहन कामगारांच्या 1961 च्या कायद्यात, जो 2025 साली नव्या श्रमसंहितेत सामावला गेला, दिवसाला आठ तास काम आणि सलग पाच तासांनंतर किमान अर्धा तास विश्रांती असे म्हटले होते. तो आकडा मालकाला नम्रपणे सांगता येतो. ‘शेठ, सकाळी सहाला निघतो, माल वेळेत जाईल’ एवढे वाक्य पुरते.

2019 च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेचे पाणी शिरोलीजवळ महामार्गावर आले आणि कित्येक दिवस गाड्या जागच्या जागी उभ्या राहिल्या. आमच्या रांगेला शेजारच्या गावातल्या बायका टोपलीत भाकऱ्या आणि पातेल्यात आमटी घेऊन येत. त्यांच्याही शेतात पाणी होते. आम्ही काय देणार होतो? एका जुन्या चालकाने सगळ्यांना कामाला लावले : गाड्या एका कडेला सरकवून रुग्णवाहिकेपुरती वाट मोकळी केली, पत्रावळी आणि पाण्याच्या बाटल्या पोत्यांत भरल्या, शौचाला गावाच्या विहिरीकडे कुणी जाऊ नये म्हणून दुसरी जागा ठरवली, आणि पातेली घासूनच परत पाठवायची असा दंडक घातला. निघताना कुणी भाषण केले नाही.

शेवटी एक बारीक गोष्ट, जी बहुतेक जण विसरतात. गाडी बंद पडली की चाकांखाली दगड लावतात, मागे अंतरावर रस्त्यात दगड आणि झाडाची फांदी ठेवतात, कारण अनेकांकडे त्रिकोणी फलक नसतो किंवा तो कुठे आहे हे आठवत नाही. गाडी सुरू झाली की सुटकेच्या आनंदात तसेच निघतात, आणि पहाटे दूध घालायला निघालेला दुचाकीवाला त्याच दगडावर जातो. म्हणून दगड लावतानाच क्लीनरला मोजायला सांगावे. निघताना त्याने ते सगळे उचलून गटाराच्या पलीकडे टाकावेत, फांदी ओढून कडेला न्यावी, केबिनमध्ये चढून आकडा सांगावा, आणि तो जुळला की मगच गिअर टाकावा.