पालेभाजीतलं शिसं, कॅडमियम: या चुका टाळा

आठवडी बाजारात पालकाची जुडी आपण पानं पाहून घेतो. गर्द हिरवी, रुंद, लुसलुशीत. पहिली चूक इथंच होते. सांडपाण्यात नत्र भरपूर असतं, त्यामुळे शहराच्या नाल्यावरची भाजीही अशीच तरारून येते. त्याच पाण्यातून येणारे शिसं आणि कॅडमियम हे विषारी धातू ना डोळ्याला दिसत, ना चवीला कळत. म्हणून आधी विचारा, "मावशी, भाजी कोणत्या गावची? पाणी विहिरीचं की नाल्याचं?" ओळखीची भाजीवाली सहसा खरं सांगते.

दुसरी चूक घरातली, आणि तीच मला जास्त सलते. मिठाच्या पाण्यात भाजी बुडवली की आपण निर्धास्त होतो. रस्त्याची धूळ, कोळशाची भुकटी, औष्णिक केंद्राची राख यांतून आलेलं शिसं बरंचसं पानावर बसलेलं असतं. मुळं कापून, पानं सुटी करून वाहत्या पाण्यात दोन-तीनदा धुतली की त्यातलं पुष्कळ निघतं. मीठ लागत नाही. कॅडमियम मात्र मुळातून पानात चढतं. ते धुऊन जात नाही, आणि पातळभाजी कितीही उकळली तरी धातू नष्ट होत नाही.

पावसाच्या सुरुवातीचा कोवळा तरोटा (टाकळा ही रानभाजी) मलाही फार आवडतो. पण वणी, घुग्गुसकडे कोळशाचे ट्रक धावतात, त्या रस्त्यांच्या कडेचा खुडू नका. शेताच्या धुऱ्यावरचा, म्हणजे बांधावरचा घ्या.

पिकवणाऱ्यांचा घोळ वेगळाच. मृदा आरोग्य पत्रिकेतले १२ घटक ठीक आले की जमीन निर्धोक समजतात. त्यात जस्त, तांबं, लोह असतं. शिसं, कॅडमियम नसतं. त्यांची तपासणी वेगळी मागावी लागते. पालेभाजीत शिशाची कायदेशीर मर्यादा किलोला ०.३ मिलिग्रॅम, म्हणजे अगदी थोडी. आपल्या काळ्या, चुनखडीच्या जमिनीत पीक कॅडमियम कमी उचलतं, शेणखतही ते धरून ठेवतं. तरी वर्षानुवर्षं नाल्याचं पाणी दिलेल्या तुकड्यात पालक, मेथी, सांभार (कोथिंबीर) घेऊ नका, कापूस लावा.

भीतीपोटी पालेभाजीच बंद करणं ही सगळ्यात वाईट चूक. अंगात लोह, कॅल्शियम कमी असलं की शिसं जास्त शोषलं जातं, लहान मुलांत तर मोठ्यांपेक्षा कितीतरी अधिक. भाजी खात राहा, फक्त दर आठवड्याला एकाच वाडीची घेऊ नका. परसात मोकळी जागा असेल तर रस्त्यापासून आत, शेणखत घालून अंबाडी-मेथीचा एक वाफा करा आणि त्याला विहिरीचं पाणी द्या.