मोठा ट्रेलर ओढायला पिकअप घेताय? आधी दारावरचं स्टिकर वाचा

अमेरिकेत कॅम्पर ट्रेलर (गाडीमागे ओढायचं चाकांवरचं घर) ओढायला पिकअप घ्यायची म्हटलं की लोक जाहिरातीतला आकडा बघून भुलतात, आपली देशी मंडळी तर जरा जास्तच. १३,००० पाउंड ओढते म्हणे! ओढते की, पण तो आकडा ठराविक इंजिन, ठराविक ॲक्सल आणि ठराविक कॅब असलेल्या गाडीचा, आणि डीलरकडे उभी असलेली लेदर सीट-सनरूफवाली चकचकीत गाडी बहुतेक वेळा ती नसतेच.

सुरुवात ट्रेलरपासून करा. त्याच्यावर जीव्हीडब्ल्यूआर लिहिलेलं असतं, म्हणजे सगळं भरून जास्तीत जास्त वजन किती चालेल ते. हिशोबाला तेच धरा. ब्रोशरमधलं रिकामं वजन सोडून द्या, कारण एक गॅलन पाणी ८.३ पाउंडाचं, ४० गॅलनची टाकी भरली की तिथेच ३३० पाउंड झाले, आणि अजून गॅसचे सिलिंडर, खुर्च्या, आपला कुकर-तवा सगळं बाकीच आहे.

मग येतं टंग वेट, म्हणजे ट्रेलरच्या पुढच्या टोकाचा पिकअपवर पडणारा भार. बैलगाडी मागे जास्त भरली तर उलाळ होते आणि पुढे भरली तर सगळा भार बैलांच्या मानेवर येतो, तसंच आहे हे. हिचवर (ट्रेलर जोडायच्या कडीवर) वजन कमी पडलं तर ट्रेलर हायवेवर डोलायला लागतो, म्हणून एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के तिथे यायलाच पाहिजे. आणि हे सगळं पिकअपच्या पेलोडमधून, म्हणजे ती स्वतःवर जितकं वजन पेलू शकते त्यातून, जातं, इथेच गणित चुकतं लोकांचं.

समजा ट्रेलर ७,५०० पाउंडाचा आहे. १३ टक्क्यांनी ९७५ झाले, वेट डिस्ट्रिब्युशन हिचचे (हा भार पुढच्या चाकांवरही वाटणारा हिच) अंदाजे १००, घरातली चार माणसं ६००, मागे बेडमधे (हौद्यात) जनरेटर, कूलर वगैरे २००. झाले १,८७५. आता ड्रायव्हरचं दार उघडून चौकटीवरचं टायरची माहिती असलेलं स्टिकर बघा, माणसं आणि सामान मिळून किती चालेल ते त्याच गाडीपुरतं छापलेलं असतं. महागड्या ट्रिमच्या (जास्त सोयीवाल्या मॉडेलच्या) हाफ-टनवर, म्हणजे मोठ्या पिकअपमधल्या सगळ्यात हलक्या वर्गावर, ते बऱ्याचदा १,५०० च्या आसपासच असतं, म्हणजे टोइंग कॅपॅसिटी ढीगभर शिल्लक असून पेलोड आधीच संपला! म्हणून सनरूफ, मोठी रिम, पॉवर फुटबोर्ड असले लाड माझ्या मते सोडाच, प्रत्येकाचं वजन याच आकड्यातून कापलं जातं.

पैसे घालायचे तर टो पॅकेजवर घाला. त्यात नुसता हिच नसतो, बऱ्याच गाड्यांत जास्तीचं कूलिंग असतं, ट्रेलरचे दिवे-ब्रेक जोडायचं ७ पिनचं कनेक्टर असतं, आणि फॅक्टरीचा ब्रेक कंट्रोलर (ट्रेलरचे ब्रेक गाडीतून लावणारा) त्यात आहे की वेगळा घ्यावा लागतो हे नक्की विचारा. ॲक्सल रेशो (ॲक्सलमधल्या गियरचं प्रमाण, मोठं तितकं ओढायला सोपं) ३.३१ पेक्षा ३.७३ बरा, पेट्रोल थोडं जास्त जाईल पण चढावर गियरबॉक्सचे हाल होणार नाहीत. लांब बाहेर येणारे टोइंगचे आरसे हवेतच.

इंजिनाचं म्हणाल तर कुठे फिरणार त्यावर आहे. टेक्सासच्या सपाटीवर काहीही चालतं हो, पण कोलोरॅडोतल्या डेन्व्हरहून आय-७० हायवेने डोंगरात वर निघालात की आयझेनहॉवर टनेल ११,००० फुटांच्या वर आहे, आणि टर्बो नसलेलं इंजिन दर हजार फुटांना साधारण ३ टक्के ताकद घालवतं, म्हणजे तिथे पोचेपर्यंत जवळजवळ एक तृतीयांश गेली. डिझेल चढावर मस्तच, आणि उतारावर एक्झॉस्ट ब्रेकमुळे (त्यात इंजिनच गाडीला रोखतं) साधे ब्रेक तापत नाहीत. पण ते इंजिन जड असतं, त्यामुळे फोर्ड एफ-२५० किंवा रॅम २५०० सारख्या एक पायरी वरच्या पिकअपमधे डिझेल घेतलं की पेट्रोलवाल्यापेक्षा पेलोड कमी होतो, आणि फिफ्थ व्हील ट्रेलर (ज्याचा हिच पिकअपच्या बेडमधे बसतो) घेणार असाल तर त्याचं २० ते २५ टक्के वजन पिकअपवर येतं, म्हणजे १२,००० पाउंडाला किमान २,४००. अशा वेळी सरळ त्याच्या वरची एफ-३५० किंवा रॅम ३५०० बघा.

गाडी घेतल्यावर सगळं भरून, घरच्यांना बसवून ट्रक स्टॉपवरच्या कॅट स्केलवर (ट्रक तोलायच्या काट्यावर) एकदा वजन करा. मागच्या ॲक्सलचा आकडा दारावर लिहिलेल्या मर्यादेच्या वर आला तर बेडमधलं जड सामान उचलून ट्रेलरमधे त्याच्या चाकांच्या वर ठेवा, ट्रेलरचं जीव्हीडब्ल्यूआर ओलांडत नाही ना ते बघून, आणि परत एकदा काट्यावर घ्या.